मुकादमांची चिमणी

माझ्या सासूबाईंना त्यांच्या कामाच्या ठिकाणी कुणी नावाने हाक मारत नाही. तिथे त्या 'मुकादम'. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहात त्या सव्वीस वर्षं स्वयंपाक करताहेत. हाताखाली दोन बायका, समोर साठ भुकेल्या मुली आणि डोक्यावर रेक्टरबाई. पण आवाज असा खणखणीत, की नव्या मुलींना पहिले चार दिवस याच रेक्टर वाटतात. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. हे त्यांना सांगायचं नसतं.

माझी शाळा रस्त्याच्या पलीकडे. मी तिथे विज्ञान शिकवतो आणि दुपारच्या सुट्टीत सासूबाईंच्या स्वयंपाकघरात जेवतो. जावई म्हणून मला बसायला स्टूल मिळतं. बाकी तिथे कुणाला बसायची परवानगी नाही, खुद्द मुकादमांनाही नाही. सकाळी सहाला उभ्या राहिल्या की भांडी पालथी पडेपर्यंत त्या उभ्याच. पदार्थ झाला की नाही हे त्या चाखून बघत नाहीत, वासावर सांगतात. "मीठ कमी आहे," असं झाकण उचलल्या उचलल्या म्हणतात. मिठाला वास नसतो, असं मी एकदा त्यांना शास्त्रीय आधाराने समजावलं होतं. त्यांनी मला चाखायला लावलं. मीठ कमी होतं.

तर या बाईचं स्वयंपाकघर मी बिघडवलं. ते कसं, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मला छाती फुगवायचा मोह होणार नाही.

जुनं स्वयंपाकघर कळकट होतं. लांबलचक खोली, एका भिंतीला चार मोठ्या शेगड्यांची भट्टी, तिच्या दोन्ही अंगांना दोन खिडक्या, वर भिंतीत धूर बाहेर फेकणारा, तेलाने माखलेला पंखा आणि काजळी धरलेलं छत. दोन वर्षांपूर्वी रेक्टरबाईंनी सगळं नवं करायचं ठरवलं. फरशा आल्या, स्टीलची टेबलं आली आणि भट्टीवर पलंगाएवढी मोठी चिमणी आली. रेक्टरबाईंना धूळ, माशी आणि मांजर या तिन्हींचा सारखाच तिटकारा. त्यांनी मला बोलावून विचारलं, "सर, तुम्ही विज्ञानातले. खिडक्यांचं काय करायचं?"

कुणी असं विचारलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. मी पानभर सल्ला लिहून दिला. उघड्या खिडकीतून वारा येतो, वारा धूर पसरवतो, चिमणीची ओढ वाया जाते. सबब खिडक्यांना पक्की काच बसवावी, जुन्या पंख्याचं भोक विटांनी बुजवावं आणि दारांच्या फटींना रबराची पट्टी लावावी. खाली आकृती काढली. भट्टी, चिमणी आणि चिमणीतून बाहेर जाणाऱ्या धुराचे सात बाण. सही केली. रेक्टरबाईंनी तो कागद फायलीला लावला आणि त्याबरहुकूम सगळं करून घेतलं. घरी मात्र मी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चिमणी चांगली चालली की मग श्रेय घेऊ, असा विचार होता.

चिमणी सुरू झाली तेव्हा आवाज एवढा झाला की मुकादमांनाही ओरडावं लागलं. धूर वर गेला, चिमणीच्या काठापर्यंत पोचला, आणि काही विसरल्यासारखा मागे वळून छताखाली पसरला. अर्ध्या तासात खोलीभर निळसर पडदा. कांदा परतायला घेतला की भाजी चिरणाऱ्या मावशी डोळे पुसत बाहेर पळायच्या. मुलींच्या गणवेशांना तळणीचा वास यायला लागला आणि वर्गात त्यावरून कुरबुर सुरू झाली.

सासूबाईंनी मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या, हे मला कबूल केलं पाहिजे. एक, धूर जात नाही. दोन, चिमणी लावली की मोरीतून घाण वास येतो, बंद केली की थांबतो. तीन, चिमणी चालू असताना जेवणघराचं दार आतून ढकलून उघडत नाही. मावशींना खांदा लावावा लागतो.

"मोरी तुंबली असेल," मी म्हणालो. "आणि दार फुगलं असेल."

"दोन्ही चिमणीचं बटण बघून तुंबतात आणि फुगतात का?" त्यांनी विचारलं.

"योगायोग असतो, आई."

त्यांनी माझ्या ताटात भात वाढला.

तक्रार केली की चिमणीवाला यायचा. माणूस चांगला, सहा फूट उंच, हसतमुख. मागच्या दाराने शिडी घेऊन आत यायचा, चिमणी सुरू करायचा, खिशातून वर्तमानपत्राचा कागद काढून जाळीला लावायचा आणि हात सोडायचा. कागद जाळीला चिकटून राहायचा. "बघा मुकादम, कशी ओढतेय," तो म्हणायचा. खरंच ओढत असायची. धूरही मुकाट वर जायचा. दिवसभर कण्हणारं पोर डॉक्टरांसमोर नेलं की खेळायला लागतं, तशातला प्रकार. तो गेला की दहा मिनिटांत पुन्हा निळा पडदा. दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा सासूबाई खोट्या पडल्या. रेक्टरबाई म्हणाल्या, "मुकादम, तुम्हाला नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतोय."

आणि मग खोकला आला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. मुलींना दटावता दटावता त्या भिंतीला हात टेकायच्या. एका दुपारी त्यांनी आमटीचं झाकण उचललं, बराच वेळ वाकून राहिल्या आणि मग मावशींना म्हणाल्या, "जरा चाखून सांग गं." मी घास तोंडात तसाच धरून बसलो. सव्वीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

संस्थेच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि लिहून दिलं, यांना धुरापासून दूर ठेवा. रेक्टरबाई वाईट नव्हत्या. त्यांनी डॉक्टरांचा कागद आणि मुलींच्या तक्रारी समोर ठेवल्या आणि जो कुणीही काढला असता तो मार्ग काढला. महिनाअखेरीला स्वयंपाकघर बंद. जेवण बाहेरून डब्यांत येईल. दोघी मदतनीस बायकांना दुसरीकडे काम बघावं लागेल. मुकादमांनी चादरींच्या खोलीत बसायचं, धुवून आलेल्या चादरी मोजून घ्यायच्या.

"बसायचं," सासूबाई घरी येऊन म्हणाल्या. "मला म्हणाल्या, आता तुम्ही बसा." त्यांनी घरातली स्वच्छ भांडी काढली आणि पुन्हा घासायला घेतली. माझी बायको त्यांच्या हातातून कढई काढून घ्यायला गेली, तर त्या म्हणाल्या, "मी काय चुकले ते तरी सांगा कुणीतरी. धूर जात नाही एवढंच म्हटलं ना मी? जात नाही म्हणून जात नाही म्हटलं."

बायको माझ्याकडे वळली. "तू एवढा सायन्सवाला. काहीतरी कर की."

मी चिमणीवाल्याला फोन लावला. तोवर मला माझी चूक ठाऊक नव्हती, पण त्या कागदावरची माझी सही आठवायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी चिमणीवाला तिसऱ्यांदा आला. मी माझ्या स्टुलावर होतो. जेवणाची वेळ जवळ आलेली, मोठ्या कढईत कांदा परतायला टाकलेला, धुराने खोली भरलेली. त्याने मागचं दार उघडलं, शिडी आत घेतली, कागद काढला. आणि तो कागद लावायच्या आधीच धूर सरळ झाला. कढईतून उठला आणि उभ्याचा उभा चिमणीत गेला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

"अजून मी काही केलंच नाही, मुकादम."

"तेच म्हणतेय. काही केलं नाहीत, तरी धूर गेला कसा? तुम्ही दार का उघडलंत?"

"शिडी आत आणायला."

"प्रत्येक वेळी उघडता?"

"शिडी खिशात मावत नाही ना," तो हसला.

सासूबाई हसल्या नाहीत. झारा मावशींच्या हातात देऊन त्या मागच्या दारापाशी गेल्या आणि त्यांनी दार लावलं. सगळ्यांनी कढईकडे बघितलं. धूर डुगडुगला, चिमणीच्या काठावरून मागे वळला आणि मावशींच्या तोंडावर आला. त्यांनी दार उघडलं. धूर वर. लावलं. धूर खाली. सात वेळा त्यांनी ते दार उघडलं नि लावलं. प्रत्येक वेळी धुराने त्यांचं ऐकलं. चिमणीवाला कागद हातात धरून उभाच होता.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. दम लागला होता, तरी आवाज चढत गेला. "दोन वर्षं तुम्ही दार उघडं ठेवून बघताय आणि मी दार लावून रांधतेय. ही बया नुसती बाहेर फेकतेय. पण फेकायला आत हवा नको का यायला? कुठून येणार? काच बंद, भोक बंद, फटीत रबर. म्हणून ती मोरीतून वास ओढतेय. म्हणून तिकडचं दार आत खेचून धरतेय. खोलीचा गळा आवळलाय कुणीतरी!"

चिमणीवाल्याने माझ्याकडे बघितलं. बसवायच्या वेळी माझा कागद त्याने वाचला होता. माझ्या डोळ्यांसमोर माझी आकृती उभी राहिली. बाहेर जाणारे सात बाण होते. आत येणारा एकही नव्हता. शाळेतल्या पोरानं अशी आकृती काढली असती तर मी त्याला वर्गासमोर उभं केलं असतं.

"आई," मी म्हणालो, "खिडक्या बंद करायला मीच लिहून दिलं होतं."

कढईत कांदा करपायला लागला होता.

"दोन वर्षं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रोज इथे माझ्यासमोर बसून जेवलात."

लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. त्यांनी शेगडी बंद केली, करपलेला कांदा बाजूला काढला आणि नवा कांदा चिरायला सांगितला. मग माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "संपवा ते. आणि उद्या हत्यारं घेऊन या. पेन नको."

दुसऱ्या दिवशी पापक्षालन म्हणून मी स्वतः पाना-पक्कड घेऊन भट्टीशेजारच्या खिडकीची काच काढली. वारा भस्सकन आत आला आणि सगळा धूर आडवा होऊन भाजी चिरणाऱ्या मावशींकडे गेला. म्हणजे माझ्या पानभर सल्ल्यातलं निदान एक वाक्य खरं होतं. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

"जावईबापू, तुम्ही जेवा," सासूबाई म्हणाल्या. मी काच परत बसवली आणि जेवलो.

मागचं दार उघडं ठेवायची सोय नव्हती. अंगणातली धूळ आणि मांजरं थेट टेबलापर्यंत यायची, आणि रेक्टरबाईंनी ते एक दिवसही चालू दिलं नसतं. सासूबाईंनी मावशींकडून शिवणाचा दोरा मागवला. त्याला टिश्यू पेपरच्या अरुंद पट्ट्या बांधल्या आणि दारांच्या फटींशी, मोरीशी, चिमणीच्या चारी कडांना टांगून ठेवल्या. मग चिमणी सुरू केली आणि त्यांनी काय करावं? माझं स्टूल ओढलं आणि त्या चक्क बसल्या. तासभर त्या पट्ट्यांकडे बघत बसल्या. मागचं दार बोटभर उघडायच्या, बघायच्या. हातभर उघडायच्या, बघायच्या. शेवटी उठून भट्टीच्या समोरच्या भिंतीपाशी गेल्या, जिथे बटाट्यांची मांडणी होती, आणि गुडघ्याच्या उंचीवर खडूने दोन चौकोन काढले.

"इथून हवी," त्या म्हणाल्या. "लांबून आणि खालून. सावकाश येईल, माझ्या पायांवरून भट्टीकडे जाईल आणि धुराला खालून उचलेल. शेजारून आली की धक्का मारते."

मी भौतिकशास्त्र चौदा वर्षं शिकवतोय. याच्यात मला सुधारण्यासारखं एक अक्षर सापडलं नाही.

रेक्टरबाईंकडे आम्ही दोघं गेलो. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "भिंत फोडायची? मुकादम, अहो, महिनाअखेरीला ते बंदच होणार आहे."

"बंदच करायचंय ना मॅडम? मग दोन भोकं पडली तर काय बिघडतं?"

रेक्टरबाईंनी फाईल काढून तारखा बघितल्या. "शनिवारपर्यंत," अखेर त्या म्हणाल्या. "शनिवारी मी स्वतः येऊन उभी राहीन. डबेवाल्यांना सोमवारी होकार द्यायचाय मला."

चार दिवस होते. गवंड्याने भिंतीत दोन चौकोन पाडले. सुताराने त्यांना तिरक्या पट्ट्यांची झडप केली, आतून बारीक तारेची जाळी ठोकली, म्हणजे माशी नाही, मांजर नाही. चिमणीवाला न बोलावता आला. त्याला सासूबाईंनी भट्टीसमोर उभं केलं आणि विचारलं, "ही एवढी उंच का टांगलीत?"

"डोकं आपटू नये म्हणून."

"कुणाचं?"

त्याने वर चिमणीकडे पाहिलं, खाली सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या डोक्याचं माप धरलं होतं.

"माझ्या डोक्याच्या मापाने बसवा," त्या म्हणाल्या. त्याने चिमणी दीड वीत खाली घेतली आणि दोन्ही अंगांना पत्र्याचे पडदे लावून दिले, म्हणजे कडेने धूर निसटायला नको. सासूबाईंनी जाळ्या काढून उकळत्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या. त्यातून जे निघालं त्याचं वर्णन करत नाही. आणि त्यांनी दोन नियम केले. शेगडी पेटवायच्या आधी पाच मिनिटं चिमणी सुरू, आणि शेगडी विझल्यावर दहा मिनिटं तशीच चालू. तळण नेहमी मागच्या शेगडीवर, काठावरच्या नाही. मावशी दुसरा नियम विसरल्या तेव्हा त्यांच्या हातातली कढई मुकादमांनी स्वतः मागे सरकवली.

शनिवारी त्यांनी मासे तळायला घेतले. साठ मुलींचे मासे! मी म्हणालो, "आई, आज साधं काहीतरी करा की. परीक्षा आहे."

"परीक्षा आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या. "उकडलेल्या बटाट्यांवर पास होऊन काय करू?"

साडेअकराला रेक्टरबाई आल्या. पांढरेशुभ्र कपडे, हातात डबेवाल्यांचा कागद. सासूबाईंनी दोन्ही दारं लावून घेतली, हाताने ओढून खात्री केली आणि चिमणीचं बटण दाबलं. समोरच्या भिंतीतल्या झडपेला मी एक पट्टी बांधली होती. ती आत वळून ताठ उभी राहिली. नियमाची पाच मिनिटं त्यांनी भरू दिली. मग शेगडी पेटली, तेल तापलं आणि पहिला घाणा पडला. चर्रर्र करून धुराचा लोट उठला.

धूर वर गेला. काठापाशी थांबला नाही, वळला नाही. सरळ आत गेला आणि नाहीसा झाला.

दुसरा घाणा. तिसरा. रेक्टरबाई एक पाऊल पुढे आल्या, मग आणखी एक. शेवटी त्या भट्टीला चिकटून उभ्या राहिल्या. चष्मा काढून बघितला, काचा स्वच्छ होत्या. मोरीपाशी जाऊन वाकल्या. जेवणघराच्या दाराला एक बोट लावलं, दार गुमान उघडलं. पलीकडे साठ मुली ताटं घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना कसलाच वास आला नव्हता. "आज जेवायला आहे काय?" एकीने विचारलं. इतका मोठा शिक्का मला माझ्या कुठल्याही प्रमाणपत्रावर मिळालेला नाही, आणि हाही माझा नव्हता.

शेवटचा घाणा निघाला तेव्हा सासूबाईंनी माशांच्या कालवणाचं झाकण उचललं. वाकल्या. आम्ही सगळे बघत होतो. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. मावशींनी घाईने चाखलं आणि चिमूटभर मीठ घातलं.

रेक्टरबाईंनी हातातला कागद दुमडला, दोनदा दुमडला. "मुकादम," त्या म्हणाल्या, "डबे येणार नाहीत. स्वयंपाकघर चालू राहील. तुमच्या दोघी बायकाही राहतील. डॉक्टरांना मी सोमवारी इथेच घेऊन येते. छाती त्यांनी तपासत राहायची, पण आधी त्यांना ही हवा दाखवते. आणि दुसऱ्या वसतिगृहाचीही चिमणी अशीच आहे म्हणे. तिकडे येऊन जरा बघाल का?"

सासूबाईंनी मान डोलावली. झारा हातात तसाच धरून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

भाजी चिरणाऱ्या मावशी दोन वर्षांच्या सवयीने ओलं फडकं घेऊन धावल्या. "धूर गेला का डोळ्यांत?"

"धूर कुठाय आता?" मुकादम म्हणाल्या. "रडतेय मी. रडू दे की जरा."